निळ्या टेपच्या अलीकडे

मे अर्धा सरला आणि अनुपमाबाई देवस्थळींनी एसीचं बटण आपल्या ताब्यात घेतलं. तसं ते त्यांच्याच बाजूला होतं म्हणा. हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत. पलीकडे खिडकी, खिडकीत एसी. अलीकडे प्रज्ञा सुतार, तिचा नवरा नीलेश आणि आठ वर्षांची शुभ्रा. भिंत छताच्या दीड फूट खाली थांबत होती. त्या दीड फुटातून गार हवा अलीकडे येईल, असं ठरलं होतं. यायचीही, अनुपमाबाई हॉलमध्ये बसलेल्या असतील तोवर. त्या उठून बेडरूममध्ये गेल्या की बटण बंद, आणि थोड्या वेळात अलीकडची बाजू भट्टीसारखी तापायची.

ही भिंत नीलेशनंच उभी केली होती. तो शटरिंगचा सुतार, आता फोरमन. साइटवर वापरून टाकलेलं प्लाय त्यानं सुपरवायझरला विचारून आणलं. त्यावरचे सिमेंटचे डाग अजून गेले नव्हते. अनुपमाबाईंनी आपल्या बाजूला क्रीम रंग लावून घेतला, तोही नीलेशकडूनच, शुक्रवारच्या सुट्टीत. अलीकडच्या बाजूच्या रंगाचा विषय कुणी काढला नाही.

दुबईत अल मनखूलमधला हा फ्लॅट वासुदेव देवस्थळींना कंपनीनं दिलेला. त्यात दुसरं बिऱ्हाड ठेवायला कंपनीची सक्त मनाई होती. म्हणून देवस्थळींकडे कुणी आलं की शुभ्रानं खोकायचंसुद्धा नाही, आणि दाराबाहेरच्या चपलांत या तिघांच्या चपला दिसता कामा नयेत. एवढंच असतं तर प्रज्ञानं दातओठ खाऊन निभावलंही असतं. पण अनुपमाबाई शाळेत प्रायमरीच्या सुपरवायझर होत्या आणि प्रज्ञा त्यांच्या हाताखाली ड्रॉइंगची टीचर. सकाळी जी बाई वर्गाच्या दारात उभी राहून वह्या तपासायची, तीच दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कढई तपासायची. चोवीस तासांत या बाईच्या नजरेतून सुटका म्हणून नव्हती.

स्वयंपाकघर प्रज्ञाला पहाटे साडेचार ते साडेपाच मिळायचं. ओट्यावर निळी टेप चिकटवलेली होती, वायरला गुंडाळतात तसली. टेपच्या डावीकडे दीड हात जागा प्रज्ञाची. तीच टेप पुढे जमिनीवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. अनुपमाबाई आत असल्या की प्रज्ञानं टेपच्या अलीकडे थांबायचं. फ्रिजचा खालचा कप्पा तिला दिला होता आणि वरच्या फ्रीजरच्या दाराला पत्र्याची कडी ठोकून कुलूप घातलं होतं. कडी ठोकायलाही नीलेशच. तो बिचारा स्क्रू पिळत असताना अनुपमाबाई म्हणाल्या होत्या, "पर्सनली घेऊ नकोस हं. इट्स जस्ट सिस्टिम."

एके दिवशी पहाटे प्रज्ञा भाकरी थापत होती. गॅसची धग, खिडकी बंद, गाउन पाठीला चिकटलेला. मागून आवाज आला, "प्रज्ञा, ज्वारीचं पीठ टेपच्या पलीकडे उडतंय."

"पुसते मॅडम."

"आणि थापायचा आवाज. वासुदेवची झोप मोडते. पोळ्या लाटत जा ना. लाटण्याला आवाज नाही होत."

प्रज्ञानं भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. टेपपलीकडचं पीठ फडक्यानं पुसलं. जूनमध्ये तिचं शाळेचं काँट्रॅक्ट नवं व्हायचं होतं आणि त्यावर शिफारस अनुपमाबाईंची लागायची. नोकरी राहिली तर शुभ्राची फी माफ आणि तिघं एका छताखाली. गेली तर नीलेश कंपनीच्या कॅम्पात, आणि मायलेकी गडहिंग्लजजवळच्या गावात. वर्षातून एक महिना भेट. शुभ्राच्या जन्मानंतरची पहिली पाच वर्षं त्यांनी तशीच काढली होती. पोर बापाला "फोटोतले पप्पा" म्हणायची आणि तो सुट्टीवर आला की आजीच्या मागं लपायची. ते दिवस पुन्हा नकोत, म्हणून प्रज्ञा गप्प बसायला शिकली होती. लोक तिला सोशिक म्हणायचे. ती भ्यालेली होती, दुसरं काही नाही.

शाळेत वार्षिक प्रदर्शनाची गडबड सुरू झाली होती. या वर्षीचा विषय होता "माय होम". तिसरी ब च्या वर्गात बेचाळीस पोरं होती. पण चित्र पोरांनी काढायचं, असा गैरसमज तिथे कुणाचाच नव्हता. शाळेची रीत ठरलेली होती. टीचरनं पेन्सिलीनं चित्र काढून द्यायचं, पोरांनी आत रंग भरायचा, बाहेर गेलेला रंग टीचरनं पांढऱ्यानं झाकायचा आणि शेवटी काळ्या पेनानं सगळ्याला कड ओढायची. याला फिनिशिंग म्हणायचे. फिनिशिंग झालं की खाली पोराचं नाव. आईबाप आले की आपल्या लेकराच्या नावासमोर उभे राहून फोटो काढून घ्यायचे, आणि त्यांना खरं माहीत नसायचं असंही नाही.

अनुपमाबाईंनी नमुना फळ्याशेजारी लावून ठेवला होता. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर उतरत्या छपराचं घर, दोन माड, आकाशात चार पक्षी. प्रज्ञानं हे चित्र त्या महिन्यात बेचाळीस वेळा काढलं. कोल्हापूरला दोन वर्षं राबून तिनं एटीडीचा, चित्रकला शिक्षकाचा, कोर्स केला होता. तिचा बाप भिकाजी सुतार बैलगाड्या बनवायचा आणि गाडीच्या फळ्यांवर वेलबुट्टी काढायचा. त्याची एक वेल दुसरीसारखी कधी नसायची. आणि त्याची लेक इथं एकच डोंगर छापत बसली होती. विसाव्या चित्रानंतर तिला त्या डोंगराची किळस यायला लागली.

"मॅडम," एकदा ती धीर करून म्हणाली, "दहा-बारा मुलांना त्यांचं त्यांनाच काढू देऊ का? चांगलं काढतील. वाकडंतिकडं असेल, पण..."

"वाकडंतिकडं आपण लॉबीत लावायचं?" अनुपमाबाईंनी चष्मा वर केला. "पेरेंट्स इतकी फी भरतात ते वाकडंतिकडं बघायला? प्रज्ञा, गावाकडच्या झेडपीच्या शाळेत चालत असेल. हिअर वी हॅव अ स्टँडर्ड. आणि हो, शार्दूलच्या चित्रात नदीत बोट टाक. त्याचं जरा वेगळं दिसू दे."

शार्दूल हा त्यांचा मुलगा, शुभ्राच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. त्याच्या चित्रातले डोंगर, नदी, बोट, सगळं प्रज्ञानंच काढलं. त्यानं आत निळा रंग भरला आणि तोही कडेबाहेर गेला.

घरी मात्र प्रज्ञा वेगळं शिकवायची. तिची चूक म्हणाल तर ती हीच. दुपारी तीनला परतल्यावर नीलेशनं साइटवरून आणलेले रद्द झालेले नकाशे ती फरशीवर पसरायची, कोरी पाठ वर करून. घामानं कागद ओला होऊ नये म्हणून मनगटाखाली टॉवेलचा तुकडा ठेवायचा. मग शुभ्राला सांगायची, "डोंगर न्हाई, माड न्हाई. म्होरं हाय तेवढंच काढायचं. दिसत न्हाई ते काढायचं न्हाई."

आणि आठ बाय दहाच्या त्या जागेत समोर असणार तरी काय? पोर प्लायवूडवरचे सिमेंटचे डाग काढायची. बापाची टांगलेली पॅन्ट काढायची. दोरीवरचा पडदा, त्याची प्रत्येक चुणी मोजून. प्रज्ञाचं मन भरून यायचं. या घरात तिला मान खाली घालावी लागत नव्हती ती तेवढीच वेळ.

सोमवारी शिक्षण मंत्रालयातून बाई आल्या. काळा अबाया, हातात जाड वही, अंगाला अत्तराचा वास. सोबत प्रिन्सिपल आणि अनुपमाबाई, दोघी घामेजलेल्या. तिसरी ब मध्ये ड्रॉइंगचाच तास होता. भिंतीवर बेचाळीस चित्रं रांगेत लावलेली. बाई सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग परत आल्या.

"माशाल्ला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "अशा घरात कोण कोण राहतं?"

पोरांना शिकवण पक्की होती. पाहुण्यांनी विचारलं की हात वर. बेचाळीस हात वर गेले.

बाई हसल्या. "दुबईत? नदीकाठी?" त्यांनी वहीतलं एक कोरं पान फाडून शार्दूलपुढे ठेवलं. "यल्ला. ड्रॉ युअर हाउस."

शार्दूलनं एक डोंगर काढला. पेन्सिल थांबली. त्यानं प्रज्ञाकडे बघितलं, मग आईकडे. "मिस, माउंटननंतर काय?" वर्गात कुणी हसलं नाही, पण अनुपमाबाईंच्या मानेवर लाल पट्टा चढला. बाईंनी पान उचललं आणि पुढे गेल्या. दुसऱ्या मुलानंही डोंगरच काढला. तिसऱ्या मुलीनं तर रडायलाच सुरुवात केली. मग बाई मागच्या बाकाशी थांबल्या, आणि तिथे शुभ्रा बसली होती.

 प्रज्ञानं मान हलवून पोरीला नको म्हणून खुणावलं. पण शुभ्राचं डोकं कागदावर होतं आणि मनगटाखाली तिनं रुमाल घेतला होता.

दहा मिनिटं वर्गात पेन्सिलीचा तेवढा आवाज. बाई तिच्या शेजारी बाकावर टेकल्या, अबाया सावरून. मग बोटानं एकेक ठिकाण दाखवत विचारू लागल्या आणि शुभ्रा उत्तरं देऊ लागली, अगदी शहाण्यासारखी, स्पष्ट इंग्रजीत.

"धिस इज प्लायवूड. माय पप्पा मेड इट. धिस इज ब्लू टेप. मम्मा स्टँड्स हिअर."

"आणि हे? फ्रिजवर?"

"लॉक."

"कुलूप कुणाचं?"

शुभ्रानं मान वर केली आणि दाराशी उभ्या अनुपमाबाईंकडे बोट केलं. "मॅम्स."

 बाईंनी अनुपमाबाईंकडे एकदा पाहिलं, मग प्रज्ञाकडे. प्रिन्सिपलना म्हणाल्या, "बुधवारी मी प्रदर्शनाला येते, इन्शाल्ला. हे चित्र मला दारासमोर पाहिजे. मुलीच्या नावासकट." शुभ्राच्या गालाला हात लावून "हबीबती" म्हणाल्या आणि अत्तराचा वास मागे ठेवून गेल्या.

घरी येईपर्यंत प्रज्ञा पोरीशी बोलली नाही. बसमध्ये नाही, जिन्यात नाही. दार लावलं, पडदा ओढला आणि फाडकन तिच्या मुस्काटात दिली.

"घरातलं चारचौघांत काढत्यात? अक्कल हाय का न्हाई तुला?"

शुभ्रा गाल धरून उभी राहिली. डोळे भरले पण आवाज स्थिर होता. "बट मम्मा, यू ओन्ली सेड. म्होरं हाय तेच काढायचं."

 प्रज्ञाचा हात चुरचुरत होता. एसी बंद होता, भिंतीपलीकडे कुणी नव्हतं, आणि तरीही ती दबक्या आवाजातच ओरडली होती. या घरात राग काढायचा तर तोही पलीकडे ऐकू जाणार नाही असा काढायला ती शिकली होती. हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पोरीला जवळ घ्यावं असंही वाटलं, पण घेतलं नाही.

सहाच्या सुमाराला नीलेश आला. बूट हातात, मोज्यांवर मिठाचे पांढरे डाग, मान उन्हानं काळीठिक्कर. त्यानं सगळं ऐकलं, पाणी प्यायला, आणि खाटेवर बसून पायाची बोटं चोळत राहिला.

"काय काय काढलं म्हणलीस?"

"टेप. कुलूप. पडदा. समदं."

"कुलपाची कडी बराबर काढली का?"

"अहो, तुमास्नी चेष्टा सुचतीया? कामावरनं काढत्याल मला."

"चेष्टा न्हाई. मी ठोकलीय ती. चार स्क्रूची हाय." तो पोरीकडे वळला. "किती स्क्रू काढलंस गं?"

"फोर," शुभ्रा म्हणाली.

 नीलेशनं तिचा हात हातात धरून ठेवला. त्याच्या तळव्याच्या घट्ट्यांत तो हात दिसेनासा झाला होता.

मंगळवारी सकाळी अनुपमाबाईंनी प्रज्ञाला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाल्या नाहीत. टेबलावर शुभ्राचं चित्र होतं.

"हे कुणी शिकवलं तिला?"

"कुणी नाही, मॅडम."

"खोटं बोलू नकोस. घरात आसरा दिला, शाळेत चिकटवलं, आणि तू पोरीच्या हातून माझी इज्जत काढतेस? उद्या वासुदेवच्या कंपनीचे जीएम येणार आहेत, त्यांची दोन्ही मुलं आपल्याकडे आहेत. धिस सोफा, हे वॉल क्लॉक, ते दहा वेळा बसलेत त्या हॉलमध्ये. हे बघितलं तर फ्लॅट जाईल आमचा. समजतंय का तुला काही?"

प्रज्ञानं चित्राकडे पाहिलं. घड्याळ वरच्या फटीतून दिसतं तेवढंच होतं, आणि सोफ्याची कड भिंतीच्या टोकाशी दिसते तेवढीच.

"मंत्रालयाच्या बाईनं बघून ठेवलंय, नाहीतर आत्ता फाडलं असतं." अनुपमाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला आणि तो मऊपणा ओरडण्यापेक्षा वाईट होता. "म्हणून तू फिनिशिंग कर. टेप काढून टाक, कुलूप काढून टाक. पडद्याच्या जागी छान खिडकी काढ. खिडकीत डोंगर घाल एखादा. पेन्सिलच आहे, रबरानं जातंय. तुझा हात चांगला आहे, कुणाला कळणार नाही. हे झालं की तुझ्या काँट्रॅक्टच्या कागदावर मी सही करते. नाही झालं तर नोकरी खलास. खोली पण."

"आज करते," प्रज्ञा म्हणाली. तिला स्वतःचा राग आला, पण तोंडातून तेच निघालं.

शाळा सुटल्यावर ती तिसरी ब च्या रिकाम्या वर्गात एकटी बसली. बानू आया फरशी पुसत होती. मंडणगडकडची, पन्नाशीची, गुडघे दुखणारी बाई. रबर, पेन्सिल, काळ्या वॉटरप्रूफ शाईची बाटली, दोन नंबरचा ब्रश, असं सगळं प्रज्ञानं मांडलं आणि पहिल्यांदाच चित्र नीट बघितलं.

पोरीनं जागा कुठे चुकवली नव्हती. बापाचे पाय खाटेबाहेर आलेले. दोरीच्या गाठी. ओट्यावरची टेप आणि जमिनीवरची टेप, दोन्ही पट्टी न लावता सरळ. प्लायच्या पलीकडे मात्र काही नव्हतं. वरच्या फटीतून डोकावणारं घड्याळ, एसीचं टोक आणि भिंतीच्या टोकाशी दिसणारी सोफ्याची कड सोडली तर कोरा कागद. दिसत नाही ते काढायचं नाही, असं तिला सांगितलेलंच होतं. आणि उंबऱ्याशी प्रज्ञा उभी होती. हातात रिकामं ताट, पाठ थोडी वाकलेली, दोन्ही पायांची बोटं टेपच्या अगदी जवळ, पण टेपला न लागलेली. दहाच्या दहा बोटं. तीन वर्षं रोज ती अशी उभी राहत होती आणि आपण कशा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं.

तिनं रबर उचललं. टेपवर टेकवलं. बोट दाबलंच जाईना.

बानू हातातलं फडकं पिळत मागे येऊन उभी राहिली. "ही तू मां गो बाय?"

"होय."

"पाय कसले बरोबर काढलेत गो पोरीनं." बानूनं वाकून बघितलं. "आणि आता तू पुसतेस ता?"

"पुसलं नाही तर उद्यापासून नोकरी नाही, बानूबाई."

"मग पूस बाय." ती बादली उचलून निघाली. दारात थांबली. "पोरीला काय सांगशील ता ठरव आधी."

 बेचाळीस डोंगर भिंतीवरून प्रज्ञाकडे बघत होते. या हातानं तिनं प्रत्येक पोराच्या नावावर खोटं चित्र चढवलं होतं. त्यात आता आपल्याच पोरीचं, आणि तेही तिचं खरं खोडून. काल तिला मारलं ते कशासाठी? खरं काढलं म्हणून. तिला संताप आला, अनुपमाबाईंचा, शाळेचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

तिनं रबर बाजूला ठेवलं, शाईचं झाकण उघडलं, ब्रश बुडवून काठावर निथळला, आणि फिनिशिंग सुरू केलं. रीतीप्रमाणेच. पोरीनं ओढलेल्या रेषेवरून बरोबर तेवढीच रेष. भर घातली नाही, वजा केलं नाही. आधी टेप. मग कडी आणि कडीचे चार स्क्रू. पडद्याच्या चुण्या. नीलेशचे पाय. शेवटी ताट, आणि पायाची दहा बोटं. ब्रश कुठे हलला नाही. बापाच्या बैलगाडीवर पहिली वेल काढली होती तेव्हाही हात इतका स्थिर नव्हता. कागद वाळला तसं तिनं तो फ्रेममध्ये घातला आणि स्वतः लॉबीत, दारासमोर टांगला.

बुधवारी दहा वाजता लॉबी भरली. अनुपमाबाई जरीकाठाची साडी नेसून आल्या होत्या, ऑफिसच्या गडबडीत त्यांनी चित्र आधी बघितलं नव्हतं. प्रज्ञा "करते" म्हणाली की करते, ही त्यांना तीन वर्षांची सवय. त्या वासुदेवना आणि जीएमसाहेबांना घेऊन दारातून आत आल्या, तोंडभर हसत, आणि थांबल्या.

लांबूनही टेप दिसत होती. कुलूप तर आधी दिसत होतं.

"ओह," जीएमसाहेब जवळ जाऊन म्हणाले. "वासुदेव, ये घड़ी तो..." पुढचं त्यांनी गिळलं. खाली नाव वाचलं. मग वासुदेवकडे न बघता दुसऱ्या भिंतीकडे गेले. वासुदेव देवस्थळींचा चेहरा पिठासारखा झाला होता.

अनुपमाबाईंना भान उरलं नाही. त्यांनी फ्रेम खाली ओढली, मागचा पुठ्ठा सरकवला, शेजारच्या टेबलावरचं रबर घेतलं आणि लोकांसमोर, जरीकाठाचा पदर खांद्यावरून घसरलेला, खसाखसा घासू लागल्या. शाई हलली नाही. त्या आणखी जोरानं घासत राहिल्या. कागद आधी पांढरा झाला, मग लोकरीसारखा सुटला, आणि कुलपाच्या बाजूला भोक पडलं. कुलूप तसंच राहिलं.

मंत्रालयाच्या बाई दारात उभ्या होत्या. केव्हा आल्या कुणाला कळलं नाही. शुभ्रा त्यांच्या शेजारी होती. "मॅम," ती म्हणाली, "इट्स वॉटरप्रूफ."

प्रज्ञा पुढे झाली, अनुपमाबाईंच्या हातातून फाटका कागद काढून घेतला आणि पोरीच्या हातात दिला. "तुजं हाय. धर नीट."

चित्राचं कौतुक झालं, नोकरी गेली. बाईंनी वहीत बरंच काही लिहून घेतलं, पण ते शाळेबद्दल. कराराची शिफारस करणं त्यांच्या हातात नव्हतं आणि ज्यांच्या हातात होतं त्यांनी त्याच दुपारी नकार लिहून दिला. प्रज्ञाला हे आधीच ठाऊक होतं, तरी कागद हातात पडल्यावर तिनं तो दोनदा वाचला. शनिवारचं मुंबईचं तिकीट मिळालं. पोर पुन्हा बापाला फोटोत बघणार होती. ते दुःख छातीत धोंड्यासारखं बसलं आणि शाईच्या रेषेनं ते हललं नाही.

शुक्रवारी सकाळी नीलेशनं ड्रिल आणि पेचकस काढला. बॅगा दारात होत्या. तो भिंतीच्या स्क्रूंना लागला, वरून खाली, एकेक. पहिलं प्लाय निघालं तशी पलीकडची गार हवा सरळ अंगावर आली. सोफ्यावर वासुदेव पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पान न उलटता.

अनुपमाबाई बेडरूममधून धावत आल्या. "ए, भिंत कशाला काढतोस? ती राहू दे. कंपनीनं फ्लॅट सोडायची एक महिन्याची नोटीस दिलीय फक्त, तोवर आम्हाला..."

"साइटवरचं प्लाय हाय, बाई. परत द्याचं हाय." तीन वर्षांत पहिल्यांदाच तो मॅडम म्हणाला नव्हता.

"रंग आमचा आहे त्याच्यावर!"

नीलेशनं हातातलं प्लाय सोफ्याच्या पाठीला टेकवलं, क्रीम बाजू वर करून. खिशातली पटाशी काढून त्यावर ठेवली.

"घ्या खरवडून," तो म्हणाला. "थांबतो मी."

अनुपमाबाई त्या पटाशीकडे बघत राहिल्या. तो खरंच थांबला. एसी घुमत होता. मग त्यानं पटाशी पुन्हा खिशात घातली, प्लायचं एक टोक धरलं, दुसरं प्रज्ञानं धरलं. पुढे शुभ्रा, गुंडाळलेलं चित्र छातीशी घेऊन. दाराच्या वाटेवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी निळी टेप होती. तिघंही तिच्यावर पाय देऊन बाहेर पडले आणि प्लाय आडवं धरून अरुंद जिना उतरू लागले.